कणगीचा सांगावा

ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावच्या समाजमंदिरात आरोग्य शिबिर झालं. शेजारच्या काकूंची उंची १५२ सेंटिमीटर भरली, वजन ६८ किलो. साखर ठीक, रक्तदाब ठीक. तरी कार्डावर लाल शाईनं ‘लठ्ठ’ असा शेरा, आणि वरून चारचौघांत सल्ला : “जिभेवर ताबा ठेवा.” रांगेतल्या बाया पदराआड हसल्या. काकू म्हणाल्या, “म्या खातो तरी काय? दोन भाकरी अन् वरन!”

हा शेरा येतो बीएमआयवरून. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, काकूंचा २९.४. हे गणित १८३२ च्या सुमारास मांडलं बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं, एकेकाचा आजार नव्हे. १९९८ मध्ये अमेरिकेनं जास्त वजनाची मर्यादा २५ वर आणली, तेव्हा कोट्यवधी माणसं ग्रॅमभरही न वाढता एका रात्रीत जाड ठरली. उलट बाजूही बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! २००४ मध्ये दोघांनी आपला फोटोच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणला.

पण मला खरं सांगायचंय ते जिभेवरच्या ताब्याबद्दल, आणि त्यासाठी उंदरांची गोष्ट सांगावी लागेल.

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांचे दोन वाण होते, ‘ओबी’ आणि ‘डीबी’. दोन्ही खा-खा खाणारे, दोन्ही गोलमटोल. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदीर शिवून त्यांचं रक्ताभिसरण जोडलं. (क्रूर वाटतं, आहेच.) ओबी साध्या उंदराला जोडला, तर ओबीचं खाणं कमी झालं आणि तो उतरला. डीबी साध्या उंदराला जोडला, तर डीबी तसाच जाड राहिला आणि साधा बिचारा खाणं सोडून मेला. मग ओबीला डीबी जोडला : ओबी उपाशी मेला, डीबी खातच राहिला.

जरा थांबून विचार करा. रक्तातून ‘पुरे आता’ असा काहीतरी निरोप जातोय. ओबीला तो तयारच करता येत नाही. डीबीच्या रक्तात तो भरपूर आहे, पण त्याला स्वतःला ऐकू येत नाही. घरची कणगी आणि घरची बाई असं समजा. ओबीची कणगी मुकी, डीबीची बाई बहिरी.

१९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूनं तो निरोप्या पकडला. नाव ठेवलं लेप्टिन. चरबीच्या पेशीच तो बनवतात, आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये एजीआरपी नावाच्या भूक लावणाऱ्या चेतापेशींना तो गप्प बसवतो. मग काय, लेप्टिनची सुई टोचली की माणूस सडपातळ, अशी हवा झाली. ती फुसकी निघाली, कारण जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच जास्त असतं. जन्मतःच ज्यांच्यात ते बनत नाही अशा मोजक्या रुग्णांनाच सुई लागू पडली.

गंमत इथं आहे. कणगी भरून वाहू लागली तरी बाई फारशी दखल घेत नाही. पण धान्य चार बोटं खाली गेलं की लगेच पीठ मोजून देते आणि पोरांना उसनं मागायला पिटाळते. चरबी घटली की लेप्टिन पडतं, एजीआरपी पेशी मोकाट सुटतात, भूक खवळते, थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक उतरतं, आणि त्याच कामाला शरीर कमी ऊर्जा जाळतं. वजन उतरवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं. तरी बसल्या जागी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होतं. म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन भाकरी! याला जिभेचा दोष म्हणायचं?

आणि म्हणूनच बाजारच्या दिवशी डब्यातून विकली जाणारी ‘पंधरा दिवसांत दहा किलो’वाली पावडर आणि कमरेला बांधायचा मंतरलेला दोरा यांच्यात मला फरक दिसत नाही. दोरा निदान स्वस्त असतो.

वजनाचा आजाराशी संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. पोटाच्या आत आणि यकृतात साठलेली चरबी मधुमेहाकडे नेते, आपल्याकडे तर हडकुळ्यांनाही. म्हणून साखर बघा, रक्तदाब बघा, कमरेला टेप लावा. जानेवारी २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानंही हेच मांडलं, की नुसत्या बीएमआयवरून कुणाला आजारी ठरवू नये. अमेरिकेत जाड माणसांनी या हेटाळणीविरुद्ध १९६९ मध्येच संघटना काढली होती. आमच्याकडे अजून ‘मुलगी सडपातळ हवी’ हे बायोडेटात पहिल्या ओळीत.

संध्याकाळी काकू शेताच्या बांधावर दिसल्या. गाठोडं काट्याला लटकवलेलं, वेचणीची मजुरी किलोवर.

“बावीसच भरला आज,” त्या म्हणाल्या. “तुमच्या त्या सकाळच्या काट्यापायी अर्धा दिस गेला माया.”