रेंज फुल आहे, मग हे गोल गोल का फिरतंय?

रात्री नेट मान टाकतं, आणि मोबाईलवर वायफायच्या काड्या मात्र सगळ्या भरलेल्या. मग पहिला संशय कंपनीवर, दुसरा राउटरवर, आणि तेवढ्यात कोणीतरी सांगतंच की चार अँटेनावाला मोठा राउटर घे. जरा थांबा. राउटरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय एवढंच त्या काड्या दाखवतात, तुमच्या फोनला बोलायचा नंबर किती वेळा लागतो याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आणि खच्चून भरलेल्या बिल्डिंगमधे घोळ बऱ्याचदा नंबराचाच असतो.

वायफाय म्हणजे शेवटी रेडिओ, आणि एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोललं तर ऐकणाऱ्याला कळतं. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या टीमनं अलोहानेट नावाचं रेडिओ नेटवर्क सुरू केलं, त्यात नियम अगदी मोकळा, ज्याला जेव्हा पाठवायचंय त्यानं पाठवावं, दोघांची टक्कर झाली तर थोडं थांबून परत पाठवावं. गणित मांडलं तर असं निघतं की या पद्धतीत चॅनलचा फार तर १८ टक्के वेळ कामी येतो, बाकी टक्करीत नाहीतर रिकामा जातो. वायफाय त्यामानानं शहाणं, ते आधी ऐकतं, शांतता असेल तर अजून थोडं थांबतं (किती थांबायचं ते प्रत्येक जण नशिबावर ठरवतो, म्हणजे सगळे एकदम तोंड उघडत नाहीत) आणि मग बोलतं. तरी टक्कर झालीच तर पुढच्या वेळी थांबण्याची मर्यादा दुप्पट होते. आता वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्या घरांचे राउटर, फोन, टीव्ही, कॅमेरे एकाच चॅनलवर आले की सगळ्यांचा वेळ बोलण्यापेक्षा थांबण्यात जातो.

वायफायचे नेहमीचे रेडिओ पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. त्यातल्या २.४ च्या पट्ट्यात तर जागाच कमी. चॅनल मोजायला १३, पण शेजारशेजारच्या दोन चॅनलमधे अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि प्रत्येकाला जागा लागते साधारण २० मेगाहर्ट्झ, त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच उरतात. काही जण अॅपमधे बघतात की १ आणि ६ वर गर्दी आहे आणि हुशारीनं ३ वर जातात, तर तसं अजिबात करू नका, कारण एकाच चॅनलवर असलेले राउटर एकमेकांचं बोलणं ओळखून थांबतात, पण अर्धवट अंगावर आलेला चॅनल त्यांना नुसता गोंगाट वाटतो, म्हणून ते थांबत नाहीत आणि दोन्ही घरांचं बिघडतं. वर याच पट्ट्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही आहेत.

अजून एक गंमत. वायफायमधे प्रत्येकाला संधी सारखी मिळते, वेळ सारखा मिळत नाही. शेवटच्या खोलीतला जुना फोन सेकंदाला ६ मेगाबिटनं बोलत असेल तर १५०० बाइटचं एक पॅकेट (म्हणजे डेटाचा एक तुकडा) पाठवायला त्याला २ मिलिसेकंद लागतात, तेच पॅकेट राउटरजवळचा लॅपटॉप ३०० मेगाबिटनं ४० मायक्रोसेकंदात पाठवतो. म्हणजे ५० पट फरक, आणि तोवर लॅपटॉप ताटकळत. शिवाय प्रत्येक राउटर 'मी इथे आहे' हे सेकंदाला साधारण १० वेळा सांगत असतो, तेही सहसा सगळ्यात हळू वेगानं. पाहुण्यांसाठी वायफायचं वेगळं नाव ठेवलंत तर त्याची घोषणा वेगळी. त्यामुळे उगीच तीन-तीन नावं ठेवण्यात अर्थ नाही.

५ गिगाहर्ट्झबद्दल लोकांची तक्रार असते की भिंत आली की ते दमतं. खरंय, पण फ्लॅटमधे हाच त्याचा गुण! शेजाऱ्याचा सिग्नलही तुमच्या घरात धड येत नाही ना. माझं मत स्पष्ट आहे, जे जे राउटरच्या खोलीत आहे ते ५ वर टाका, आणि टीव्ही, डेस्कटॉप अशा न हलणाऱ्या वस्तूंना सरळ केबल लावा. एकच लक्षात ठेवा, ५ मधले काही चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले असतात, राउटरला रडारची चाहूल लागली तर तो चॅनल त्याला सोडावा लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर गेला तर बोलण्याआधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. अधूनमधून मिनिटभर वायफाय गायब होत असेल तर हे कारण असू शकतं.

आता समजा वायफाय ठीक आहे, स्पीड टेस्टही झकास, आणि तरी व्हिडिओ कॉल गोठतो. अशा वेळी बघा, घरात कोणाचा तरी फोन फोटो-व्हिडिओचा बॅकअप घेतोय का. अपलोडचा वेग ५ मेगाबिट आणि राउटरच्या मेमरीत १ मेगाबाइटची रांग साचली, तर शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला १.६ सेकंद लागतात, आणि तुमच्या कॉलचा आवाज त्याच रांगेत उभा. मेमरी स्वस्त झाली म्हणून या रांगा लांबत गेल्या. जिम गेटीस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट असं नाव दिलं, आणि २०१२ मधे कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचा उपाय मांडला, पॅकेट रांगेत फार वेळ तिष्ठत राहिलं तर टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणारा आपोआप हळू होतो. हे तेच जेकबसन, १९८६ मधे जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला तेव्हा त्यामागचं कारण शोधणारे. तुमच्या राउटरच्या सेटिंगमधे एसक्यूएम (म्हणजे ही रांग आवरणारी सोय) असं काही दिसलं तर चालू करा आणि वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली ठेवा, वेग किंचित जातो पण कॉल तुटत नाहीत.

राहिली बाहेरची लाईन. फायबरसुद्धा बऱ्याच ठिकाणी वाटून घेतलेलंच असतं, जीपॉन प्रकारात सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटची एक लाईन ३२ किंवा ६४ घरांत फुटते, आणि प्रकाश वाटत वाटत आलेला असल्यामुळे केबल कपाटामागे करकचून दुमडली तर उरलासुरलाही गळतो. बॉक्सवर एलओएसचा लाल दिवा लागला म्हणजे प्रकाश पोचतच नाहीये, तिथे राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका.

तक्रार करण्याआधी एक करा. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला पिंग लावा (पिंग म्हणजे समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड, राउटरचा पत्ता बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो) आणि दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला, आणि नेट अडकतं त्याच वेळी दोन्ही बघा. राउटरचाच आकडा उड्या मारत असेल तर दोष घरातल्या वायफायचा, कंपनीचा माणूस येऊन काय करणार. राउटरचा शांत आणि बाहेरचा उसळतोय, तर आधी घरातला बॅकअप थांबवून बघा, मग लॅपटॉपला केबल लावून तीच टेस्ट परत करा, आणि वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग कस्टमर केअरवाल्यानं 'राउटर रिस्टार्ट करून बघा' म्हटलं की ते त्याच्याकडे पाठवून द्या.