गर्भपाताचा खर्च आठवड्यांनी वाढतो

पाळी चुकली म्हणून बाई दवाखान्यात गेली की डॉक्टर आधी विचारतात, शेवटची पाळी कधी आली होती? गर्भाचं वय त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हाच हिशेबात चार आठवडे जमा झालेले असतात. खर्चाचं सगळं गणित या आठवड्यांवर चालतं.

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी काम होतं. गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं काम मिफेप्रिस्टोन ही पहिली गोळी अडवते. एक-दोन दिवसांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉल या दुसऱ्या औषधाने गर्भाशय आकुंचन पावतं आणि पिशवी रिकामी होते. बहुतेकींना दाखल व्हावं लागत नाही. बारा आठवड्यांपर्यंत हाताने चालवायची एक मोठी सिरिंजही पुरते. तिच्यात आधी निर्वात पोकळी तयार करतात, मग त्या ओढीने काही मिनिटांत काम होतं, वीजही लागत नाही. जुन्या, खरवडून काढण्याच्या क्युरेटिंगऐवजी अशी खेचून घेण्याची पद्धत वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यापुढे मात्र दाखल होणं आलं, भूल आली, रक्ताची तयारी आली. वीस ते चोवीस आठवड्यांत कायद्याने दोन डॉक्टरांचं मत लागतं, तेही ठरावीक परिस्थितीतच.

आता गोवंडीहून हार्बर लाइनने कामाला जाणारी एखादी घरकामगार डोळ्यांसमोर आणा. सहाव्या आठवड्यात तिला कळलं. केईएम, सायनसारख्या पालिकेच्या रुग्णालयात शुल्क नाममात्र असतं, पण केस पेपर, सोनोग्राफी, रिपोर्ट यात दोन-तीन खाडे होतात आणि तितके पैसे कापले जातात. ती पगाराची तारीख येईपर्यंत थांबते. मग कुणी नवऱ्याची सही मागतं. खरं तर १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरते. तोवर नववा आठवडा उलटलेला असतो, आणि जे काम गोळ्यांत झालं असतं त्यासाठी आता सिरिंजची प्रक्रिया करावी लागते.

विमा इथे मदतीला यायला हवा. पण बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत ‘मातृत्व’ असतं, आणि त्याच कलमात कायदेशीर गर्भपातही बसवलेला असतो. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिला तर अपवाद, तो खर्च मिळतो. मातृत्वाचं जादा कव्हर घेतलं तर गर्भपातही त्यात येतो, पण त्यासाठी प्रतीक्षा काळ असतो. नऊ आठवड्यांची मुदत असलेल्या उपचाराला कित्येक महिने थांबायला लावणारं कव्हर काय कामाचं? शिवाय पॉलिसी मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाचं बिल देते. सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित उपचार, म्हणजे गोळ्या, त्यामुळेच विम्याबाहेर राहतो. मला हे वैद्यकीयदृष्ट्याही चूक वाटतं आणि पैशाच्या हिशेबातही.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या एका अभ्यासानुसार २०१५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. योग्य वेळी, योग्य मात्रेत घेतल्या तर या गोळ्या सुरक्षित आहेत. पण गर्भ नळीत असेल तर त्या उपयोगाच्या नाहीत, आणि रक्तस्राव थांबला नाही तर बाईला रात्री-अपरात्री इमर्जन्सीत न्यावं लागतं. तिथलं बिल कुटुंब भरतं किंवा पालिकेचं रुग्णालय सोसतं.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक आधार आहे. पूर्वी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात असलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलेल्या तरतुदीनुसार वैद्यकीय गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. ईएसआय या कामगारांच्या सरकारी विमा योजनेतही तेवढ्या काळाचा लाभ आहे. गोवंडीच्या त्या बाईला यातलं काही लागू होत नाही. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल, तर मात्र एचआरला दोन गोष्टी जरूर विचारा: मातृत्व कव्हरला प्रतीक्षा काळ आहे का, आणि दाखल न होता घेतलेल्या गोळ्यांचे व सोनोग्राफीचे पैसे मिळतात का.