शल्यचिकित्सेचा पदव्युत्तर प्रवेश (गोवा)

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला सर्जन होण्यासाठी तीन वर्षांची प्रशिक्षणाची जागा मिळवावी लागते. त्या जागेसाठीचा अर्ज, परीक्षा, समुपदेशन (पसंती आणि क्रमांकानुसार जागांचे वाटप) आणि पुढे नोकरीच्या वेळी येणारी मुलाखत यांची ही नोंद आहे. गोव्यात सर्जरीची जागा म्हटली की प्रथम डोळ्यांसमोर येते बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातली, म्हणजे गोमेकॉतली, एमएस जनरल सर्जरी. अस्थिरोग, नेत्ररोग, कान-नाक-घसा, स्त्रीरोग या शाखांची पदवीही एमएसच आहे, पण नुसते ‘सर्जरी’ म्हटले की डॉक्टरांच्या बोलण्यात जनरल सर्जरीच अभिप्रेत असते. या प्रवेशात कुठेही मुलाखत होत नाही. उमेदवाराचा हात स्थिर आहे का, रात्री तीन वाजता तो निर्णय घेऊ शकतो का, हे कोणी विचारत नाही. प्रवेश फक्त गुणांच्या क्रमांकावर ठरतो.

या शिक्षणाची गोव्यातली परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज राजवटीत १८४२ साली पणजीत सुरू झालेली ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ ही आशियातल्या सर्वांत जुन्या आधुनिक वैद्यकीय शाळांपैकी एक. ‘सिरुर्जिका’ म्हणजे शल्यचिकित्सेची, त्यामुळे सर्जरी या संस्थेच्या नावातच होती. इथून बाहेर पडलेले अनेक डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत सेवेला गेले. मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. ते आधी मुंबई विद्यापीठाला आणि १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याला जोडले गेले. पुढे इस्पितळ पणजीहून बांबोळीच्या पठारावर आले.

एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष संपले की उमेदवार नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेला बसतो. २०० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, एकूण ८०० गुण आणि साडेतीन तास. २०२४ पासून प्रश्नपत्रिका ४०-४० प्रश्नांच्या पाच भागांत येते आणि प्रत्येक भागाला ४२ मिनिटे मिळतात. वेळ संपली की त्या भागात परत जाता येत नाही. आधी सगळ्या प्रश्नपत्रिकेतले सोपे सोडवून अवघडाकडे शेवटी वळण्याची जुनी सवय इथे उपयोगी पडत नाही. २०२४ ची परीक्षा दोन सत्रांत झाली आणि गुणांच्या समायोजनावरून मोठा वाद झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ३ ऑगस्ट २०२५ रोजी ती एकाच सत्रात झाली. एम्स, जिपमर, चंडीगडची पीजीआय अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते.

निकालानंतर समुपदेशन सुरू होते आणि खरी कसोटी इथे लागते. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची समुपदेशन समिती भरते, उरलेल्या निम्म्या राज्याच्या असतात. मोठ्या राज्यात एक महाविद्यालय हुकले तर दुसरे असते. गोव्यात गोमेकॉतली जागा हुकली की सरकारी पर्याय थेट राज्याबाहेर. म्हणून पसंतीक्रम भरताना गोव्याच्या मुलामुलींना दोन्ही फेऱ्यांची गणिते एकत्र मांडावी लागतात: अखिल भारतीय फेरीत बेळगावी, मुंबई किंवा मंगळुरू धरून ठेवायचे, की बांबोळीची वाट पाहायची. जागा स्वीकारून नंतर सोडली तर अनामत रक्कम जाऊ शकते आणि पुढच्या फेरीचा दरवाजाही बंद होऊ शकतो.

राज्य कोट्यावर कोणाचा हक्क, या प्रश्नाला न्यायालयीन इतिहास आहे. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. मर्यादेत संस्थात्मक प्राधान्य, म्हणजे त्याच संस्थेतून एमबीबीएस केलेल्यांना प्राधान्य, मात्र चालते, हे १९८४ पासूनचे तत्त्व कायम राहिले. याचा परिणाम गोव्यात नीट लक्षात घ्यायला हवा. बिहारहून अखिल भारतीय कोट्यातून बांबोळीला येऊन एमबीबीएस केलेल्या विद्यार्थ्याला संस्थात्मक प्राधान्याचा आधार मिळतो, तर डिचोलीत जन्मून बेळगावीला एमबीबीएस केलेल्या मुलीला तो मिळत नाही. घरच्यांना हे बहुधा फार उशिरा कळते, आणि तो धक्का खरा असतो. बारावीनंतर महाविद्यालय निवडतानाच पुढच्या एमएसचा विचार करावा लागतो, तो यामुळे.

वरच्या क्रमांकांचे उमेदवार सध्या रेडिओलॉजी, मेडिसीन, त्वचारोग याकडे आधी वळतात. सर्जरीत ड्यूटी लांब, कायदेशीर जोखीम जास्त आणि स्वतंत्रपणे उभे राहायला वर्षे लागतात. त्यामुळे क्रमांकाने जमले म्हणून सर्जरी घेणारे आणि सर्जरीच हवी म्हणून वरची शाखा सोडणारे, दोघेही एकाच युनिटमध्ये भेटतात. पहिल्या सहा महिन्यांत ड्रेसिंग, रक्ताचे नमुने आणि कॅज्युअल्टीतल्या अपघातांच्या रात्री यांतून दोघांचाही कस लागतो. निवड प्रक्रिया जे तपासत नाही, ते वॉर्ड तपासतो. यात दोष उमेदवाराचा नाही. प्रवेशाआधी सर्जरी युनिटमध्ये मनापासून केलेली इंटर्नशिप हीच त्याला स्वतःची पारख करण्याची एकमेव संधी असते, आणि नेमका तोच काळ आज परीक्षेच्या अभ्यासात जातो.

तीन वर्षांत प्रबंध, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) आणि जिल्हा रुग्णालयातले तीन महिन्यांचे निवासी प्रशिक्षण असते. शेवटी चार लेखी पेपर, लाँग केस, शॉर्ट केस (रुग्ण तपासून द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा) आणि हत्यारे, एक्स-रे, नमुने यांवरचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. त्यापुढे युरॉलॉजी, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी यांसारख्या शाखांची तीन वर्षांची एमसीएच ही अतिविशेष पदवी, तिची जागा नीट-एसएस या परीक्षेतून मिळते. तिथेही मुलाखत नाही.

मुलाखत येते ती नोकरीच्या वेळी. सिनियर रेसिडेंटच्या (एमएस झाल्यानंतरच्या निवासी डॉक्टरच्या) पदांसाठी जाहिरात निघते आणि उमेदवार मूळ कागदपत्रांसह थेट मुलाखतीला जातो. अध्यापनात सहायक प्राध्यापक व्हायचे तर सहसा सिनियर रेसिडेंट म्हणून काम केलेले असावे लागते, म्हणून या पायरीला महत्त्व आहे. राज्य सरकारच्या पदांसाठी मामलेदारांकडचा १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट, ही ओळही जाहिरातीत नेहमीची. ही केवळ औपचारिकता नव्हे. बांबोळीच्या वॉर्डात सत्तरी तालुक्यातला शेतकरी, सासष्टी तालुक्यातली म्हातारी आणि दोडामार्ग-सावंतवाडीहून आलेला मालवणी बोलणारा रुग्ण शेजारी शेजारी असतात. ‘पोटांत खंय दुखता?’ हे विचारता न येणाऱ्या सर्जनला अपेंडिक्सचे निदान उशिरा होऊ शकते. अशा मुलाखतीला जाताना स्वतः केलेल्या आणि फक्त साहाय्य केलेल्या शस्त्रक्रियांचे आकडे वेगवेगळे आणि खरे सांगावेत. अनुभवी प्राध्यापकाला दोन प्रश्नांत फरक कळतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी क्रम उलटा आहे, मुलाखत प्रशिक्षणाच्या आधीच येते. ब्रिटनमध्ये दोन वर्षांच्या कोअर सर्जिकल ट्रेनिंगसाठी ओरिएल या प्रणालीवर अर्ज भरतात, एमएसआरए परीक्षेच्या गुणांवर उमेदवार निवडले जातात आणि मग मुलाखत होते. तिच्यात वैद्यकीय प्रसंग आणि व्यवस्थापनाचे प्रसंग दोन्ही येतात. ऑडिट (उपचारांच्या दर्जाची तपासणी), अध्यापन आणि शस्त्रक्रियांची नोंदवही यांचे पुरावे लागतात. त्याआधी तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी हवी, ती प्लॅब किंवा एमआरसीएस या परीक्षांच्या मार्गाने मिळते. गोवा मेडिकल कॉलेजसारखेच या कौन्सिलचे इंग्रजी संक्षिप्त नावही जीएमसी, त्यामुळे गोव्यातल्या घरांत बोलताना कोणती जीएमसी हे विचारावे लागते. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोमंतकीयांना ब्रिटनमध्ये मुक्तपणे राहून काम करण्याची जी मुभा होती, ती २०२० अखेर संपली. पासपोर्टने शस्त्रक्रियेचा परवाना तर कधीच मिळत नव्हता, त्यासाठी डॉक्टर म्हणून नोंदणी तेव्हाही लागत होती आणि आजही लागते.