हप्ता, चार मीटर आणि पार्किंगची पॅलेट

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट बाहेर पडायची, त्या काळात खिशात पैसे असूनही नंबर लागेपर्यंत थांबावं लागे. गाड्या किती काढायच्या ते सरकारी परवान्यात ठरलेलं. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, 1993 मध्ये मोटारींची परवानापद्धत उठली, आणि मग बँका कर्ज घेऊन दारात आल्या.

मुंबईचा बाजार फुगवला तो पगाराइतकाच हप्त्याने. 8 लाखांचं कर्ज, व्याज 9 टक्के : पाच वर्षांचा हप्ता सुमारे 16,600 रुपये, सात वर्षांचा 12,900. शोरूममध्ये दुसरा आकडा आधी ऐकवतात. व्याज मात्र 1.96 लाखांवरून 2.81 लाखांवर जातं, आणि पाच वर्षांनी गाडी विकायला काढली तर 2.8 लाख मुद्दल अजून बाकी असतं. ते फेडून बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय आरसीवरचा, म्हणजे नोंदणी पुस्तकावरचा बोजा उतरत नाही. सौदे अडकतात ते इथेच.

दरम्यान माणसं हलली. 2001 ते 2011 या जनगणनांमध्ये मुंबई शहर जिल्हा 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर उतरला. ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा त्यातच) 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. परळ-लालबागच्या खोलीतून डोंबिवली-विरारच्या फ्लॅटमध्ये गेलेल्या घरात दोघं कमावती, मूल एखाद-दुसरं. ऑफिसला लोकलच, गाडी रविवारी, आईवडिलांना दवाखान्यात न्यायला आणि गणपतीत कोकणात जायला. पण खर्च आटोक्यात हवा, म्हणून सीएनजी. पण 60 लिटरच्या टाकीत गॅस मावतो आठ-नऊ किलो आणि डिकी जाते. मखराचं सामान मांडीवर. 2023 मध्ये टाटाने 30 लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, त्या याच दुखण्यावर. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची चाचणी, दर तीन वर्षांनी. तारीख उलटली की पंपावर गॅस नाकारतात.

गाडीचा आकार मात्र गिऱ्हाइकाने नाही, कराने ठरवला. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांचं (पेट्रोल 1200 सीसी, डिझेल 1500 सीसीपर्यंत) उत्पादनशुल्क 24 वरून 16 टक्के झालं. 2012 ची मारुतीची सेडान डिझायर शेपूट छाटून 3995 मिलीमीटरची झाली, ती त्यापायी. दिसायला बेढब, पण खपली. सप्टेंबर 2025 पासून हीच पट्टी जीएसटीत आहे : आत 18 टक्के, बाहेर 40.

लांबी सांभाळली तरी उंची वाढली. सेडान साधारण 1500 मिलीमीटर, कॉम्पॅक्ट एसयूव्ही बहुधा 1600 च्या पुढे. कित्येक टॉवरांच्या यांत्रिक पार्किंगचे खालचे कप्पे सेडानच्या मापाचे आहेत. एसयूव्ही तिथे शिरत नाही, वरच्या कप्प्यासाठी सोसायटीत भांडणं होतात. बुकिंगआधी टेप घेऊन खाली उतरावं : कप्प्याची उंची, आरसे उघडे धरून रुंदी, आणि पॅलेटवर (गाडी उभी राहते त्या पत्र्यावर) लिहिलेली वजनमर्यादा.