नांगर नाळेलाच का बांधायचा? कोलंबिया नदीवरची छोटी होडी

मार्च-एप्रिलमध्ये सकाळी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या पुलावरून कोलंबिया नदी ओलांडताना खाली बघा, वीस-पंचवीस छोट्या बोटी रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे आणि प्रत्येकीच्या मागे तीन-चार गळाच्या काठ्या. इथले लोक या रांगेला हॉगलाइन म्हणतात, आणि ही मंडळी समुद्रातून नदीत वर चढणाऱ्या चिनूक सॅल्मन माशांची वाट बघत बसलेली असतात. लांबून एकदम निवांत दिसतं सगळं. पण काठाच्या हिशोबाने त्या बोटी उभ्या असल्या तरी पाण्याच्या हिशोबाने त्या ताशी चार-पाच किलोमीटरने पळत असतात, आणि त्यांना पळवतो तो एक दोर आणि तळात रुतलेला नांगर. मला हे नीट कळायला दोन सीझन लागले, आणि कळल्यावर नदीकडे बघायची नजरच बदलली, म्हणून लिहायला घेतलं.

मी मूळची दाभोळच्या खाडीकाठची, त्यामुळे होडी, नांगर, उधाण हे शब्द लहानपणापासून कानावरचे. तरी कोलंबिया हे वेगळंच प्रकरण आहे. कॅनडातल्या डोंगरात उगम, साधारण 2,000 किलोमीटर लांबी, आणि मुखाशी सरासरी सेकंदाला 7,500 घनमीटरच्या आसपास पाणी, म्हणजे दर सेकंदाला 75 लाख लिटर. त्यात समुद्राची भरती-ओहोटी नदीत पार बॉनविल धरणापर्यंत, जवळजवळ 235 किलोमीटर आत जाणवते. मुखाजवळ अस्टोरियाला भरती-ओहोटीत अडीच मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटी लागली की नदीचं पाणी आणि ओसरणारं पाणी दोन्ही समुद्राकडेच धावतात आणि करंट वाढतो, भरतीत ते एकमेकांना अडवतात, करंट मंदावतो, खालच्या भागात तर उलटाही फिरतो. म्हणून इथले जुने लोक ओहोटीला नांगर टाकून बसतात आणि भरतीला इंजिन हळू चालवत गळ ओढत फिरतात. त्यांच्या गळाला लावलेला प्लास्टिकचा खोटा मासा, त्याला बऱ्याचदा सार्डिनची फोड दोऱ्याने गुंडाळलेली असते, तो पाणी अंगावरून वाहिलं तरच डावी-उजवीकडे हलतो. आणि वासही प्रवाहाबरोबर खाली जातो, मासा खालून वर येतोय, म्हणजे तो बरोबर त्या वासाच्या वाटेवर सापडतो. सॅल्मन तळाच्या आणि काठाच्या जवळून चढतो कारण तिथे घर्षणाने पाणी हळू झालेलं असतं, त्याची तेवढी ताकद वाचते. त्यामुळे छोट्या बोटीला नदीच्या मध्यभागी जायची गरजच नसते, तीन ते सहा मीटर खोलीवर काठाला धरून बसलं तरी पुरतं.

आता जोराचं बघू. पाण्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण सेकंदाला दुप्पट पाणी येऊन आदळतं आणि तेही दुप्पट वेगाने. साडेपाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, पाण्याखाली तीसेक सेंटीमीटर बुडालेली अशी साधी ॲल्युमिनियमची बोट घ्या आणि सेकंदाला दोन मीटरचा करंट धरा, म्हणजे ताशी सातेक किलोमीटर, बस सुटू नये म्हणून आपण भराभर चालतो तसा. बोटीची सपाट पाठ, म्हणजे मागची बाजू, प्रवाहाकडे असेल तर ढोबळ हिशोबाने तिच्यावर 120 किलो वजनाएवढा जोर बसतो. निमुळती नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, प्रवाहाकडे असेल तर पाणी दोन बाजूंना फाकून निघून जातं आणि हाच जोर त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. आणि बोट आडवी झाली तर? 330 किलो. तीच बोट, तेच पाणी, फक्त फिरली कशी यावर सगळं अवलंबून.

पण मागून नांगरलेल्या बोटीचा खरा घात नुसत्या या जोराने होत नाही. दोर नांगराकडे तिरका खाली जातो, म्हणजे तो बोटीला मागे ओढून धरतो तसाच खालीही ओढतो. बोटीची मागची बाजू आधीच सगळ्यात बुटकी, तिथेच शंभरेक किलोचं इंजिन, तिथेच पेट्रोलची टाकी, आणि मासा लागला की माणसंही तिकडेच धावतात. पाठ दोन बोटं खाली गेली की प्रवाहाला अडवणारा भाग वाढतो, जोर वाढतो, दोर आणखी ताणतो, पाठ आणखी खाली जाते. मग पाणी एकदा बोटीच्या काठावरून आत आलं की वजन त्याचंच, आणि बोट भरायला मिनिटसुद्धा लागत नाही. पुढची नाळ उंच असते, फुगीर असते, खाली ओढली तर उलट वर उचलायला बघते. नांगर नाळेलाच बांधायचा तो यासाठी, बाजूच्या हुकाला नाही, मागच्या कोपऱ्याला तर अजिबात नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

नांगर वजनाने धरतो असा बऱ्याच जणांचा समज असतो, माझाही होता. खरं म्हणजे तो तळात रुतून धरतो, आणि रुतायला ओढ आडवी लागते. पाणी दहा मीटर खोल आणि दोर तीस मीटर सोडला तर दोर तळाशी एकोणीस-वीस अंशांचा कोन करतो, सत्तर मीटर सोडला तर फक्त आठ अंशांचा. म्हणून खोलीच्या पाच ते सातपट दोर सोडायचा, आणि नांगराच्या आधी दोन-तीन मीटर साखळी लावायची म्हणजे तिच्या वजनाने नांगराची दांडी तळाला टेकून राहते. जास्त दोराचा आणखी एक फायदा म्हणजे लाट आली की नायलॉन ताणतो, दोराचा तिरकेपणा थोडा बदलतो, बोट सुखाने वर उचलली जाते. आखूड दोरावर लाट येते तेव्हा नाळेला वर यायला वावच नसतो आणि लाट सरळ आत येते.

आमच्या शेजारच्या आजोबांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा बोट धक्क्याला बांधलेली असतानाच त्यांनी तासभर एकच गोष्ट करून घेतली. कपडे धुवायला टाकायची प्लास्टिकची बास्केट असते ना, तसल्या बास्केटमध्ये सगळा दोर सोडलेला होता, गुंडाळी न करता, नुसता थरावर थर, म्हणजे तो बाहेर जाताना पायाला वेढा बसत नाही. दोराच्या वरच्या टोकाशी मोठा केशरी बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा पोकळ गोळा, आणि बोयापासून नाळेपर्यंत एक छोटा दोर, त्याची अशी गाठ की शेपटी ओढली की सुटलीच पाहिजे. शेजारी उघडा, दातेरी सुरा, दोरीने अडकवलेला. ते म्हणाले, मी ओरडलो की सोडायचं. मी पहिल्यांदा सहा सेकंद घेतले. मग चार. मग दोनच्या आत आले तेव्हा कुठे त्यांनी इंजिन चालू केलं.

हे इतकं का, तर मे-जूनमध्ये डोंगरातला बर्फ वितळून पाणी वाढतं आणि त्याबरोबर ओंडके वाहत येतात, काही तर पाण्याच्या जेमतेम खाली, दिसतच नाहीत. असा ओंडका नांगराच्या दोरात अडकला की प्रवाहाला अडवणारा भाग एकदम वाढतो, जोर कुठल्या कुठे जातो, नाळ खाली जायला लागते. गाठ सोडता आली तर बोट प्रवाहाबरोबर निघून जाते, सगळा जोर शून्य, बोया आणि नांगर मागे राहतात, नंतर येऊन घ्यायचे. म्हणजे बोयाने तुमची नांगरावरची मालकी शाबूत ठेवून तुम्हाला पळून जायची सोय करून दिलेली असते. मला ही कल्पना फार आवडते.

नांगर उचलायलाही हाच बोया कामाला येतो. दोर एका कडीतून बोयाला अडकवलेला असतो. बोट इंजिनावर तिरकी वरच्या दिशेने न्यायची, नांगराच्या पुढे, दोर बाजूने मागे राहील असा. बोट पुढे ओढते, पाणी बोयाला मागे रेटतं, दोर कडीतून सरकतो आणि नांगर तळातून सुटून वर येत येत बोयापाशी अडकतो. चाळीस सेंटीमीटर व्यासाचा बोया 33 लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे 33 किलो तोलून धरू शकतो, सहा किलोचा नांगर आणि साखळी त्याच्यापुढे काहीच नाही. इथे एकच गोष्ट जपायची, दोर बोटीखाली जाऊ द्यायचा नाही. इंजिनाच्या पंख्यात दोर गुंडाळला की इंजिन बंद पडतं आणि बोट आपोआप मागून नांगरली जाते, वर सांगितला तोच सगळा घोळ, आणि आता गाठसुद्धा हाताला लागत नाही. दुसऱ्या वर्षी माझ्याकडून हे होता होता राहिलं, मागे बघत होते म्हणून दोर वळताना दिसला आणि इंजिन न्यूट्रलला टाकलं. नांगर खडकात किंवा तळातल्या जुन्या लाकडात अडकला असेल तर इंजिनाचा जोर लावून हिसके द्यायचे नाहीत. बरेच लोक साखळी नांगराच्या खालच्या टोकाला लावतात आणि वरच्या टोकाला ती नुसत्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधतात, उलट्या बाजूने ओढलं की पट्टी तुटते आणि नांगर मागच्या बाजूने सुटून येतो. नाहीच सुटला तर दोर कापायचा. नांगर दुकानात मिळतो.

वाऱ्याचंही बघावं लागतं. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून वारा नदीत वर घुसतो, पाणी खाली चाललंय, वारा वर. प्रवाहाविरुद्ध जाणारी लाट आखडते, आखूड आणि उभी होते, तासाभरापूर्वी आरशासारखं असलेलं पाणी उकळल्यासारखं दिसतं. जोराचा वारा नांगरलेल्या बोटीला मागून ढकलून तिच्याच दोरावर नेतो, दोर सैल पडतो, बोट आडवी व्हायला लागते. तसं दिसायला लागलं की बस्तान उचलायचं.

आणि जहाजं. मुखापासून पोर्टलंडपर्यंत 43 फूट, म्हणजे 13 मीटर खोलीचा जहाजांचा मार्ग राखलेला आहे, त्यातून गहू नेणारी अवाढव्य जहाजं जातात. त्या मार्गात नांगर टाकायचाच नाही, जहाजाला थांबायला किलोमीटरच्या वर अंतर लागतं आणि नाळेसमोरचं पाणी जहाज हाकणाऱ्या पायलटला दिसतही नाही. भोंग्याचे पाच आखूड आवाज आले तर ते तुमच्यासाठी आहेत असंच धरायचं. जहाज लांबून गेलं तरी काठाचं पाणी आधी मागे ओढलं जातं आणि मग लाटेने परत येतं, उथळ जागी बसलेल्यांना ते फार जाणवतं.

पाणी मार्चमध्ये सहा-सात अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्यात माणसाचं काय होतं याचा अभ्यास केला आणि एक सोपा हिशोब दिला, 1-10-1. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, कारण गार पाणी अंगाला लागताच आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि तेव्हा तोंड पाण्यात असेल तर संपलं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. मग साधारण एक तास शुद्ध जाईपर्यंत. पट्टीचा पोहणारासुद्धा दहा मिनिटांनी हात हलवू शकत नाही, म्हणून लाइफ जॅकेट बसायच्या बाकाखाली ठेवलेलं उपयोगाचं नाही, ते अंगावरच हवं. नातवंडांना घेऊन जाणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना मी हे कळकळीने सांगते.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही स्टर्जनसाठी खोल डोहाच्या कडेला नांगर टाकून बसलो होतो. पांढरा स्टर्जन उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा मासा, अंगावर हाडांच्या ढालींच्या रांगा, तोंडाखाली चार मिशा, त्यांनी तळ चाचपत फिरतो. काठीचं टोक दोनदा हळूच वाकलं, मग एकदम खाली गेलं. आजोबा ओरडले आणि मी गाठीची शेपटी ओढली. बोट सुटली तेव्हा इतका वेळ बोटीच्या अंगाला चालू असलेला पाण्याचा सळसळ आवाज एकदम थांबला, आता आम्ही पाण्याबरोबर चाललो होतो. वीस मिनिटं माशामागे वाहत गेलो, किलोमीटरभर तरी. मोठा स्टर्जन पाण्याबाहेर काढायला बंदी आहे, म्हणून बोटीच्या कडेला धरूनच गळ काढला, हाताला ती खरखरीत ढाल लागली, शेपटीचा एक फटका आणि गेला. परत वर आलो तर केशरी बोया होता तिथेच होता, दोन्ही बाजूंनी फेस काढत.