ग्रामीण विकासातील स्वयंसेवी संस्था (पुणे जिल्हा)

शेती, पाणी, पशुपालन, शिक्षण, बचत अशा क्षेत्रांत गावपातळीवर काम करणाऱ्या, नफा न वाटणाऱ्या नोंदणीकृत संस्था. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापन केली. दुष्काळ किंवा साथ आली की धावून जाणे, हा तेव्हाच्या सेवेचा एक मोठा भाग होता. पुढे तंत्रज्ञान आले. गांधीजींच्या उरुळी कांचन येथील आश्रमात राहिलेल्या मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बायफ’ ही संस्था उभी केली आणि संकरित गाईंसाठी कृत्रिम रेतनाची सोय शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात झालेला प्रयोग मात्र या साऱ्यांत सर्वांत मूलगामी म्हणावा लागेल. उद्योजक विलासराव साळुंखे यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानने तेथे ‘पाणी पंचायत’ सुरू केली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटायचे: माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही. भूमिहीनालाही वाटा. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी भरायचा आणि रोजच्या वाटपासाठी पाटकरी (शेतांना पाळीने पाणी सोडणारा माणूस) त्यांनीच नेमायचा. संस्थेचे काम गावाने ठरवलेला नियम टिकवण्यात साथ देण्याचे. पाण्यावरचा हक्क सातबाऱ्यापासून इतक्या स्पष्टपणे वेगळा करण्याचे धैर्य सरकारी सिंचनाने दाखवले नव्हते.

१९९० च्या दशकात पाणलोट विकास (पावसाचे पाणी व माती गावशिवारातच अडवण्याचे काम) आणि महिला बचत गट पुढे आले. शेती व ग्रामीण विकासासाठीच्या ‘नाबार्ड’ या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये हे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. खेड तालुक्यात ‘चैतन्य’ या संस्थेने गटांचे संघ बांधले. २०११ पासून हेच काम राज्य शासनाच्या ‘उमेद’ अभियानाने मोठ्या प्रमाणावर हाती घेतले.

मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याची कंपनी कायद्यातील तरतूद २०१४ मध्ये लागू झाल्यावर पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील कारखान्यांचा निधी गावांकडे वळला. पैसा आला, पण सोबत ठरावीक मुदत आणि मोजता येणारी उद्दिष्टेही आली. बंधारा एका उन्हाळ्यात बांधून होतो. पाणीवाटपावर गावाचे एकमत व्हायला वर्षे लागतात, आणि नेमक्या त्याच कामाला निधी मिळणे कठीण झाले आहे. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई केली. त्यामुळे शहरातील मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यातील छोट्या संस्थेपर्यंत असा निधी पोहोचण्याची वाट बंद झाली.