घरगुती डब्यांसाठी वेब अ‍ॅप : काम देण्याआधी हे वाचा

नमस्कार.

तुम्ही घरून डबे देत असाल, पोळीभाजी केंद्र चालवत असाल किंवा सणासुदीला मोदक-पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेत असाल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. आम्ही पुण्यात अशा स्वयंपाकघरांसाठी ऑर्डर घेणारी वेब अ‍ॅप तयार करतो.

आधी एक स्पष्ट सांगतो. रोजचे दहा-पंधरा डबे असतील आणि गिऱ्हाईक ठरलेलं असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आणि एक वही पुरते. अ‍ॅपवर पैसे घालू नका. "उद्या नको", "आज दोन पोळ्या जास्त", "मी बुधवारीच कळवलं होतं" असे निरोप रात्री अकराला शोधत बसावं लागतं, तेव्हा आमच्याकडे या.

स्वयंपाकघराची वेळ आणि आवाका

हॉटेलसाठी बनवलेलं तयार सॉफ्टवेअर डब्यांना बसत नाही. तुमच्याकडे भाजी आदल्या संध्याकाळी निवडलेली असते, मटकीला मोड यायचे तर ती त्याच्याही आधी भिजलेली असते. म्हणून आमच्या कामात सगळ्यात आधी ठरते ती ऑर्डर बंद होण्याची वेळ. ती तुम्ही सांगायची. त्यानंतर अ‍ॅप कोणाचीही ऑर्डर घेत नाही, नेहमीच्या गिऱ्हाइकाचीसुद्धा. नाही म्हणायचा संकोच तुमच्या वाट्याला येत नाही.

मग आवाका. साठ डबे झेपत असतील तर साठच. शेवटचा डबा दोघांनी एकाच क्षणी मागितला तर दोघांनाही तो मिळाल्याचं दिसता कामा नये. त्यासाठी शिल्लक डब्यांची मोजणी गिऱ्हाइकाच्या फोनवर न होता सर्व्हरवर, म्हणजे अ‍ॅप जिथून चालतं त्या संगणकावर होते, आणि पैसे भरेपर्यंत तो डबा दहा मिनिटं एकाच्याच नावावर राखला जातो. गणेश चतुर्थीला नुसता दिवसाचा आकडाही पुरत नाही. उकडीचे मोदक सगळ्यांना नैवेद्याच्या आधी आणि गरम हवे असतात. तिथे आवाका तासाप्रमाणे मांडतो : नऊ ते दहामध्ये किती नग, दहा ते अकरामध्ये किती.

मासिक डब्यात सगळी वादावादी खाड्यांवरून होते. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना डबे देणाऱ्यांना हे सांगायला नको. दिवाळीला मुलं गावी गेली की हिशेब विस्कटतो. किती वाजेपर्यंत कळवलं तर खाडा धरायचा, महिन्याला किती चालतील, पैसे परत द्यायचे की पुढे तेवढे दिवस वाढवायचे, हे तुम्ही एकदा ठरवा. मग गिऱ्हाईक स्वतःच खाडा टाकतं आणि उरलेले डबे त्याला समोर दिसतात.

आम्ही सर्वांत जास्त वेळ एका पडद्यावर घालवतो, आणि तो गिऱ्हाइकाला दिसतच नाही. पहाटे ओट्याशी उभं राहून, पिठाच्या हातांनी बघायचा तो पडदा. तिथे ऑर्डरींची यादी नको, बेरीज हवी : पोळ्या किती, भाकऱ्या किती, उपवासाचे डबे किती, कांदा-लसूण नसलेले किती. तुमच्या एक किलो कणकेत किती पोळ्या होतात ते एकदा भरलं, की कणीक किती मळायची तेही दिसतं.

अ‍ॅलर्जीसाठी आम्ही वेगळा रकाना ठेवतो आणि तो डब्याच्या चिठ्ठीवर लाल अक्षरांत छापतो. "काही सूचना" या रकान्यात "तिखट कमी" शेजारी "शेंगदाणे चालत नाहीत" लिहिलेलं असणं धोक्याचं आहे. आपल्या भाज्यांत कूट इतक्या सवयीने पडतं की हात थांबवायला ठळक खूण लागते. गहू न चालणाऱ्यांसाठी हिंगाकडेही बघा, बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात पीठ मिसळलेलं असतं.

पैसे, नोंदणी, कर

नुसता यूपीआयचा क्यूआर कोड लावला तर पैसे आल्याचं अ‍ॅपला आपोआप कळत नाही. कोणीतरी बँकेचा मेसेज बघावा लागतो. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, तो खोटा बनवता येतो. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, जोडला की पैसे जमा झाल्याची खात्री थेट सर्व्हरला मिळते, मात्र त्याचं शुल्क पडू शकतं. मासिक डब्यांना क्यूआर चालतो, सणाच्या ऑर्डरींना गेटवेच हवा, असं आमचं मत आहे.

अन्न सुरक्षा कायदा 2006 चा आहे आणि घरून विकणाऱ्यांनाही लागू आहे. त्याखालची नोंदणी ऑनलाइन होते. मिळालेला 14 अंकी क्रमांक आम्ही अ‍ॅपवर सर्वांना दिसेल असा लावतो. नोंदणी नसेल तर आधी ती करा, अ‍ॅप थांबू शकतं.

बचत गटांनी पुढचं नीट वाचावं. अ‍ॅपवर फक्त तुमचंच जेवण विकलं जात असेल तर ते तुमचं दुकान. पण एकाच अ‍ॅपवरून अनेक जणींचे डबे विकले, तर अ‍ॅप चालवणारी संस्था मध्यस्थ ठरू शकते. 1 जानेवारी 2022 पासून अशा विक्रीवरचा 5 टक्के जीएसटी मध्यस्थाने भरायचा असतो, स्वयंपाक करणाऱ्या ताईंची स्वतःची उलाढाल कितीही लहान असो. म्हणून सीएंचा सल्ला घेतल्याशिवाय आम्ही गटाच्या अ‍ॅपचं काम सुरू करत नाही.

हिशेब तुमचाच

मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. आजही बँकेत गेलं की आधी हिशेब मागतात. म्हणून डोमेन, म्हणजे अ‍ॅपचा इंटरनेटवरचा पत्ता, तुमच्या नावावर घेतो, आणि गिऱ्हाइकांची यादी व विक्रीचा हिशेब एक्सेलमध्ये कधीही उतरवून घेता येतो. उद्या आमच्याशी काम थांबवलंत तरी ते तुमच्याकडे राहतं. ऑर्डरमागे टक्केवारी आम्ही घेत नाही. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फोन डबे पोचवणाऱ्या मुलाला त्या दिवसापुरताच दिसतो.

हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं, प्ले स्टोअरवरून काही उतरवावं लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की झालं. आयफोनवर सूचना यायला हव्या असतील तर गिऱ्हाइकाला अ‍ॅप होम स्क्रीनवर ठेवावं लागतं, तेवढं त्यांना सांगा.

पहिल्या भेटीला येताना मागच्या महिन्याची वही, आठवड्याचा मेनू आणि डबे कुठल्या क्रमाने पोचवता तो मार्ग लिहून आणा. घरात फोन दुसरं कोणी हाताळणार असेल तर त्यांनाही सोबत आणा.